डिस्चार्ज कार्डावरची आरए, एनएडी, एसओएस : ही अक्षरं वाचायची कशी?

भाट्येकर

नमस्कार मंडळी. बाबांना (वय ७४) ताप आणि धाप लागली म्हणून ॲडमिट केलं होतं. आता घरी आलेत, मऊभात-मेतकूट खाऊन टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतायत, म्हणजे बरे आहेत. प्रश्न कार्डाचा आहे.

एका ओळीत ‘एसपीओटू ९७% आरए’ असं लिहिलंय. शेजारच्या काकांनी मोबाइलवर शोधून सांगितलं की आरए म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, संधिवात. आईने त्याच दिवसापासून वांगं, बटाटा, डाळ सगळं बंद केलंय. बाबांचा एकही सांधा दुखत नाही! त्याखाली ‘के/सी/ओ डीएम, एचटीएन’, ‘सीव्हीएस : एनएडी’, ‘आरएस : एईबीई’. औषधांपुढे ओडी, बीडी, एचएस, एसओएस. डॉक्टरांना सोमवारी विचारणारच आहे, पण तोवर आईला काय सांगू? तुमच्याही घरी अशी अक्षरं आली असतील तर इथेच लिहा, एका जागी राहतील.

डॉ_खाडीकिनारी

आईंना खुशाल वांगं करू दे. ही आरए म्हणजे रूम एअर. बाहेरून ऑक्सिजन न लावता, साध्या हवेत बाबांच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ९७ टक्के होतं. घरी सोडताना याहून चांगली ओळ नाही.

हीच दोन अक्षरं टूडी इकोच्या रिपोर्टमध्ये असती तर हृदयाचा वरचा उजवा कप्पा. रक्ताच्या तपासणीत ‘आरए फॅक्टर’ असं असतं तर मात्र संधिवाताचा संबंध. म्हणून अक्षरं मोबाइलमध्ये टाकण्याआधी ती कुठल्या ओळीत, कशाच्या शेजारी बसलीत ते बघा. ऑक्सिजनच्या आकड्याला चिकटून संधिवात कशाला येईल?

बाकीचं : के/सी/ओ म्हणजे ‘नोन केस ऑफ’, आधीपासून माहीत असलेला आजार. डीएम मधुमेह, एचटीएन उच्च रक्तदाब. सी/ओ म्हणजे पेशंटची आजची तक्रार, एच/ओ म्हणजे पूर्वी काय झालं होतं. सीव्हीएस हृदय-रक्तवाहिन्या, आरएस श्वसनसंस्था, पी/ए पोट तपासून काय आढळलं ते. एईबीई म्हणजे दोन्ही फुप्फुसांत हवा सारखी जातेय. एनएडी म्हणजे दोष काही आढळला नाही. आमच्यातला जुना विनोद असा की एनएडी म्हणजे ‘नॉट ॲक्चुअली डन’, तपासलंच नाही! पण तो विनोदच समजा.

मालवणी_खाजा

आमच्या आजयेच्या कागदार ह्याच एनएडी लिवलेला. काको वाचता ‘नाड’. म्हणता, आजयेच्या नाडीत कायतरी बिघाड असा! आजी तेवा खळ्यात सोला सुकवत होती.

आंबाघाट_उतरून

आमच्याकडची गंमत. रत्नागिरीहून पेशंट पुढे पाठवायचा तर बऱ्याचदा कोल्हापूरला, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात. त्याला सगळे ‘सीपीआर’ म्हणतात. चुलत्यांचा पाय मोडला तेव्हा भावाने ग्रुपवर टाकलं, ‘काकांना सीपीआर, सगळ्यांना कळवा.’ मुंबईच्या आत्याने हृदय बंद पडल्यावर छाती दाबतात ते सीपीआर समजून रडत रात्रीची गाडी पकडली. सकाळी कोल्हापुरात पोचली तर काका चहात बिस्किट बुडवून खातायत.

सिंधुदुर्गवाल्यांचं बरंय, त्यांचा पेशंट गोव्यात बांबोळीला जातो आणि पेपरातही ‘गोमेकॉ’ (गोवा मेडिकल कॉलेज) छापून येतं. त्याचा दुसरा अर्थ कुणी काढूच शकत नाही.

काउंटरपलीकडून

औषध दुकानात आयुष्य गेलं, तेव्हा औषधांपुढच्या अक्षरांचं मी सांगतो. ती सगळी लॅटिन आहेत. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा. एचएस झोपताना. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता. आपल्याकडे बरेच डॉक्टर १-०-१ असं लिहितात, सकाळ-दुपार-रात्र. ते सगळ्यात चांगलं, शाळा न शिकलेल्या आजीलाही कळतं.

सगळ्यात जास्त घोळ एसओएसचा. ‘सी ओपुस सित’, म्हणजे गरज पडली तर. लोकांना सिनेमातलं बुडतं जहाज आठवतं आणि वाटतं ही फार तातडीची, मुख्य गोळी. मग तापाची गोळी ताप नसताना नेमाने घेतात आणि रोजची बीपीची विसरतात. तुमच्या बाबांच्या कार्डावर पॅरासिटामॉलपुढे एसओएस असेल तर ताप किंवा दुखणं असेल तेव्हाच, आणि दिवसात जास्तीत जास्त किती हे विचारून.

डोळ्यांच्या कागदावर ओडी दिसलं तर थांबा. तिथे तो उजवा डोळा असू शकतो, ओएस डावा, ओयू दोन्ही. हेही लॅटिनच. मोतीबिंदूनंतर थेंब चार-चार तासांनी घालायचे असतात, आणि घरचे ‘ओडी’ बघून दिवसातून एकदा घालतात. काही नेत्रतज्ज्ञ आता आरई, एलई लिहितात. त्यांचे उपकार.

सडेतोड_सड्यावरून

मला एक कळत नाही. पैसे आम्ही भरायचे, शरीर आमचं, आणि लिहिणार लॅटिनमध्ये. हे मुद्दाम आहे. समजलं तर प्रश्न विचारतील ही भीती. ग्रामपंचायतीचा दाखला मराठीत मिळतो, मग डिस्चार्ज कार्ड का नाही?

डॉ_खाडीकिनारी

@सडेतोड_सड्यावरून, राग समजू शकतो, पण अर्धाच मान्य. डिस्चार्ज कार्ड हे मुख्यतः पुढच्या डॉक्टरसाठी लिहिलेलं असतं. उद्या बाबांना कोल्हापूर, मिरज किंवा बांबोळीला न्यावं लागलं तर तिथल्या मध्यरात्रीच्या निवासी डॉक्टरला दोन मिनिटांत चित्र उभं राहिलं पाहिजे. तिथे ‘के/सी/ओ डीएम’ला तोड नाही.

औषधांचा भाग मात्र पेशंटसाठी असतो, आणि तो कळेल असाच हवा. तिथे लॅटिनचा हट्ट धरणाऱ्यांच्या बाजूने मी उभा राहणार नाही. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्येच ‘ही अक्षरं वापरू नका’ अशी यादी काढली. त्यात पहिलंच इन्शुलिनच्या युनिटसाठी लिहायचं इंग्रजी ‘यू’. घाईत लिहिलेला यू शून्यासारखा दिसतो, चार युनिटचे चाळीस होतात. त्याच यादीत दशांश चिन्हानंतरचं फुकटचं शून्यही आहे : १.० लिहिलं आणि टिंब पुसट आलं की झाले दहा.

काउंटरपलीकडून

भारतातही नियम आहे. औषधं वाचता येतील अशा, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत आणि जेनेरिक नावाने लिहावीत, असं मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये काढलं. किती पाळतात ते माझ्या काउंटरवर येऊन बघा.

इन्शुलिनवरून एक महत्त्वाचं. आपल्याकडे कुपीतलं इन्शुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिली ताकदीचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं आणि काही कुप्यांमधलं १०० चं, त्या १०० च्या सिरिंजला नारिंगी टोपण. कुपी एकीची आणि सिरिंज दुसरीची झाली तर डोस अडीच पटीने चुकतो. कुपीवर यू-४० आहे की यू-१०० ते वाचल्याशिवाय सिरिंज उघडू नका.

आणि ओडब्ल्यू. आठवड्यातून एकदा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट देतात ते असंच. कुणी ते ओडी वाचून रोज घेतलं तर अस्थिमज्जा बंद पडून माणूस दगावू शकतो. मी अशा चिठ्ठीवर वाराचं नाव मराठीत लिहून, खाली रेघ मारून देतो. ‘फक्त गुरुवार.’

हर्णैबंदर

आम्ही होडीवाले. पीएफझेड आला की मासळी कुठे ते आम्हाला बरोब्बर कळतं, इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा सल्ला रोज बघतो. व्हीएचएफ वायरलेसचं चॅनेल १६ झोपेतही लागतं. आणि बायकोचा रिपोर्ट हातात आला की आम्ही अडाणी. तिच्या रिपोर्टात टीएलसीपुढे बाण वर आहे. हे काय?

लॅबवाली_चिपळूण

@हर्णैबंदर, टीएलसी म्हणजे रक्तातल्या सगळ्या पांढऱ्या पेशींची मोजणी. बाण वर म्हणजे शेजारी छापलेल्या मर्यादेपेक्षा जास्त. जंतुसंसर्गात वाढते, पण एकट्या बाणावरून काही ठरवू नका दादा, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. डीएलसी म्हणजे त्या पांढऱ्या पेशींतले प्रकार किती टक्के ते.

आता आमच्या खिडकीवर रोज होणारे संवाद. ‘एफबीएसला आलोय, फक्त चहा घेतला.’ ती उपाशीपोटीची साखर, एफ म्हणजे फास्टिंग, काका! पाण्याशिवाय काही नाही. पीपीबीएस जेवणानंतरची, जेवायला सुरुवात केली तिथून दोन तास मोजायचे. एचबीएवनसीला उपाशी यावं लागत नाही, ती साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची साखरेची सरासरी सांगते. अंगात रक्त फार कमी असेल तर तो आकडा फसवा येऊ शकतो.

दुसरं : ‘मागच्या वेळी एसजीपीटी केली होती, या वेळी एएलटी लिहिलंय, टेस्ट बदलली का?’ नाही. यकृताची तीच तपासणी, एसजीपीटी जुनं नाव, एएलटी नवं. तसंच एसजीओटी आणि एएसटी. पण केसपेपरवर इंजेक्शनच्या पुढे एएसटी दिसलं तर यकृताशी संबंध नाही. तिथे ‘आधी सेन्सिटिव्हिटी टेस्ट, मग इंजेक्शन’ असा अर्थ. म्हणजे कातडीत जरासं टोचून ॲलर्जी बघणं.

पावसाळ्यात तर विचारू नका. ‘पीएस फॉर एमपी’ म्हणजे काचपट्टीवर रक्त पसरून मलेरियाचे परजीवी शोधणं. ‘एनएस१’ डेंग्यूसाठी, तापाच्या पहिल्या दिवसांत उपयोगाची. आयजीएम, म्हणजे शरीराने आजाराविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं, साधारण पाचव्या दिवसानंतर दिसू लागते. म्हणून दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आली की डेंग्यू नाही, असं समजून मोकळे होऊ नका. लेप्टोच्या आयजीएमचंही तसंच, पहिल्या दिवसांत ती निगेटिव्ह येऊ शकते. आणि सलाईनच्या बाटलीवर नुसतं ‘एनएस’ दिसलं तर घाबरू नका. ते नॉर्मल सलाईन, ०.९ टक्के मिठाचं पाणी.

आंबाघाट_उतरून

डीएनएस पण बाटलीवर असतं ना? आमच्या मेव्हण्याच्या कागदावर डीएनएस होतं, त्याला सलाईन कुणी लावलंच नाही.

डॉ_खाडीकिनारी

बाटलीवर डेक्स्ट्रोज नॉर्मल सलाईन. मेव्हण्याचा कागद कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा असेल तर नाकाचा मधला पडदा वाकडा.

आंबाघाट_उतरून

तोच! घोरतो.

दोहा_ते_देवगड

गल्फवाल्यांसाठी लिहितो, कारण हा गोंधळ घराघरात होतो. इकडे साखर एमएमओएल प्रति लिटरमध्ये देतात, गावी एमजी प्रति डीएलमध्ये. मी आईला फोनवर सांगितलं, उपाशीपोटी साखर ८.१ आली. आई खूश. ‘माझी १४० आहे रे, तुझी आठच? गोड खा थोडं.’ ८.१ ला १८ ने गुणा. १४६ होते. माझी तिच्यापेक्षा जास्तच!

उपाशीपोटी मधुमेहाची रेघ तिकडे १२६, इकडे ७. कोलेस्टेरॉलला १८ चालत नाही, तिथे ३८.७ ने गुणायचं, म्हणजे ५.२ चे २०० होतात. क्रिएटिनिन उलट : इकडचा आकडा मोठा. माझ्या रूममेटचं ८० आलं, त्याने गावी कळवलं, घरच्यांनी किडनी गेली म्हणून ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. ८० ला ८८.४ ने भागा, ०.९ येतं. ठणठणीत. आकडा कळवताना त्याच्या पुढचं एककही कळवा.

संपादक

वर एका सदस्यांनी कार्डाचा फोटो टाकला होता, तो काढला आहे. रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक दिसत होता. मजकूर टाइप करून विचारा.

वाडीवरची_आशा

मी आशा म्हणून काम करते. नुसतं वाचायची, आज लिहिते. गरोदर बाईच्या कागदावर एलएमपी म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, ईडीडी म्हणजे अपेक्षित तारीख. त्या पाळीच्या तारखेत सात दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागे जायचं, पुढचं वर्ष धरायचं. एएनसी म्हणजे बाळंतपणाआधीच्या तपासण्या, एलएससीएस म्हणजे सिझर, एफटीएनडी म्हणजे पूर्ण दिवसांची नॉर्मल.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. कागदावर जी, पी, एल, ए आणि प्रत्येकापुढे आकडा असतो. जी३ पी१ एल१ ए१ म्हणजे ही तिसरी खेप, एक बाळंतपण झालं, एक मूल हयात, आणि एक गर्भ गेला. ए म्हणजे ॲबॉर्शन. आमच्या वाडीत एका सुनेचा कागद नणंदेने वाचला, मोबाइलवर अर्थ बघितला आणि घरात रण माजलं. ‘हिने आम्हाला न सांगता पोर पाडलं.’ त्या बाईचा तिसऱ्या महिन्यात आपोआप गर्भपात झाला होता, लग्नानंतर लगेच, माहेरी असताना. तिने आईशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांच्या भाषेत आपोआप पडलेला गर्भही ॲबॉर्शनच. तो मुद्दाम केला असा त्या अक्षराचा अर्थ होत नाही. मी सिस्टरना घेऊन त्या घरी गेले, सासूला समजावलं. सासू शहाणी होती, तिचाही एक गेला होता म्हणाली. नणंद अजून बोलत नाही. कागद दुसऱ्याचा असेल तर वाचूच नये, आणि वाचला तर मोबाइलला विचारू नये, एवढंच मी बायकांना सांगते.

मालवणी_खाजा

बाय गो, बरा केलंस जावन सांगितलंस.

सडेतोड_सड्यावरून

आशाताईंचा प्रतिसाद वाचून थोडा गप्प झालो. तरी माझा मुद्दा उरतोच. हेच त्या बाईला दवाखान्यात कुणी आधी नीट सांगितलं असतं तर?

डॉ_खाडीकिनारी

सांगायला हवं होतं. यावर वाद नाही. आणि लपवण्यासाठी अक्षरं वापरली गेलीच नाहीत असंही मी म्हणणार नाही. जुन्या कागदांवर टीबीला ‘कॉक्स’ लिहिलेलं सापडेल. रॉबर्ट कॉक यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला, त्यांच्या नावावरून. म्हणूनच क्षयरोग दिन २४ मार्चला असतो. तसंच कुष्ठरोगाला ‘हॅन्सन्स’. रुग्णाला कलंक लागू नये, खाटेशेजारच्या पाहुण्यांना कळू नये, असा त्यामागचा चांगला हेतू. पण होतं काय, रुग्णालाही कळत नाही. आजोबांच्या एक्सरेवर ‘ओल्ड कॉक्स’ असेल तर पूर्वी कधीतरी होऊन बरा झालेला टीबी. ‘एकेटी’ म्हणजे त्याचंच औषध, आणि ते मध्येच सोडायचं नसतं. हे न कळल्यामुळे सोडणारे मी पाहिलेत.

आणखी दोन अक्षरगट नातेवाइकांनी ओळखायलाच हवेत. लामा किंवा डामा : डॉक्टरांचा सल्ला नसताना तुम्ही पेशंटला घरी नेताय. गणपतीला घरी जायचंय म्हणून सही करून नेतात आणि कशावर सही केली ते विमा कंपनी विचारते तेव्हा कळतं. दुसरं एनबीएम : तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीही नाही. ऑपरेशनच्या सकाळी प्रेमाने शहाळं पाजणारे नातेवाईक दर महिन्याला भेटतात.

कातळावरचा

आमच्या देवगड-राजापूर पट्ट्यात फुरशी फार. मजुराला चावली तेव्हा कागदावर ‘२० डब्ल्यूबीसीटी’ लिहिलं आणि नर्सने रक्त काचेच्या नळीत घेऊन नुसतं ठेवून दिलं. आम्ही ओरडलो, माणूस मरतोय आणि तुम्ही नळी बघत बसलाय!

डॉ_खाडीकिनारी

तीच तपासणी आहे. थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. नंतर नळी तिरकी केली आणि रक्त गोठलेलं नसेल तर फुरशाचं किंवा घोणशीचं विष रक्तात भिनलंय. मग एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचं औषध. आपल्याकडचं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं. महागडं यंत्र लागत नाही, म्हणून लहान केंद्रातही करता येते. त्या सिस्टरना नमस्कार सांगा.

भाट्येकर

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. वांगं परत सुरू झालं, काकांना रूम एअर सांगितलं तर ते म्हणाले, ‘तरी पण सांधे तपासून घ्या.’

एक राहिलंय. कार्डावर शेवटी ‘सीबीसी, एसआर क्रिएट’ घेऊन या असं आहे, आणि बीपीच्या गोळीच्या पाकिटावरही एसआर आहे. दोन्ही एकच का? बाबांना ती मोठी गोळी गिळवत नाही, आई कुटून मधातून देते.

लॅबवाली_चिपळूण

तपासणीतलं एसआर म्हणजे सीरम. सीरम क्रिएटिनिन, किडनीसाठी. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची पूर्ण मोजणी. दोन्हीला उपाशी यायची गरज नाही.

काउंटरपलीकडून

आईंना आजच थांबवा! पाकिटावरचं एसआर म्हणजे सस्टेन्ड रिलीज, औषध हळूहळू सुटणारं. एक्सआर, ईआर, एक्सएल, सीआर हीसुद्धा त्याच जातीतली. कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं आणि बीपी धाडकन खाली येऊ शकतं. काही अशा गोळ्यांवर मध्ये रेघ असते, त्या अर्ध्या करता येतात, पण कुटायची एकही नाही. गोळी आपणहून बंदही करू नका. सोमवारची वाट न बघता आजच दवाखान्यात फोन करून ‘गिळता येत नाही, आतापर्यंत कुटून दिली’ असं स्पष्ट सांगा, ते साधी गोळी किंवा दुसरं औषध देतील. तोवर उठताना चक्कर येतेय का बघा, घरी बीपीचं मशीन असेल तर मोजा.

भाट्येकर

फोन लागला. उद्यापासून साधी लहान गोळी, दिवसातून दोनदा. डॉक्टरांनी या वेळी बीडी न लिहिता १-०-१ लिहून पाठवलंय. आत्ता बीपी ११८/७४.